पुस्तक सुचवताना होणाऱ्या चुका: चांगलं पुस्तक चाळिसाव्या पानावर का अडकतं?

"मनात राहील असं एखादं पुस्तक सांगा ना," असं कुणी म्हटलं की बहुतेकांच्या तोंडून पटकन तीन नावं येतात: मृत्युंजय, कोसला, श्यामची आई. तिन्ही पुस्तकं मोठी आहेत. तरीही चाळिसाव्या पानावर खूण घालून ठेवलेली त्यांची प्रत कितीतरी घरांच्या कपाटात सापडेल. अशा वेळी वाचणाऱ्याला दोष दिला जातो, पण तपासायला हवी ती शिफारस. पुस्तक कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, कोणत्या आवृत्तीत आणि काय सांगून द्यायचं, या चार गोष्टी जुळल्या तर शंभर वर्षं जुनं लेखनही आज धरून ठेवतं.

विचारपूस न करता नाव सांगणं

सगळ्यात जास्त शिफारशी इथेच फसतात. आपल्याला विसाव्या वर्षी हलवून गेलेलं पुस्तक आपण समोरच्याच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या हातात ठेवतो. नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? अर्धवट सोडलेलं कोणतं, आणि साधारण कुठे सोडलं? वाचायला वेळ कधी मिळतो: लोकलमध्ये, रात्री झोपताना, की फक्त सुट्टीत?

यातला दुसरा प्रश्न सोन्यासारखा. आवडलेल्या पुस्तकाबद्दल लोक बऱ्याचदा ऐकीव नावं सांगतात, सोडलेल्याबद्दल मात्र खरं बोलतात. "नावं लक्षात राहत नव्हती" म्हणणाऱ्याला मोठ्या कुटुंबाची कादंबरी देऊ नये. "काही घडतच नव्हतं" म्हणणाऱ्याला कोसला (१९६३) देताना आधीच सांगावं, की यात कथानकाच्या ओढीने पुढे जायचं नाही. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरचं बोलणं ऐकत जायचं आहे. एवढं कळलं की तेच पुस्तक वेगळं वाटतं. न कळल्यास वाचणारा पन्नास पानं गोष्ट सुरू होण्याची वाट बघतो आणि ठेवून देतो.

पहिल्याच वेळी जाडजूड ग्रंथ

वाचनाची सवय मोडलेल्या माणसाला दोन खंडांची तुंबाडचे खोत (१९८७) देणं म्हणजे त्याला अपराधी वाटायला लावणं. श्री. ना. पेंडशांची ती कादंबरी जरूर सुचवावी, पण तिसरी किंवा चौथी. पहिलं पुस्तक दोन-तीन बैठकींत संपणारं हवं, कारण पूर्ण केल्याचं समाधान पुढच्या पुस्तकाकडे नेतं.

यासाठी विश्राम बेडेकरांच्या रणांगण (१९३९) इतकं योग्य पुस्तक मराठीत क्वचितच मिळेल. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू निर्वासित, आणि त्यांच्यातल्या हॅर्टाच्या प्रेमात पडलेला एक मराठी तरुण. पुस्तक लहान, वाक्यं छोटी, काळ जागतिक युद्धाच्या उंबरठ्यावरचा. दुसरं नाव बनगरवाडी (१९५५). धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून आलेला पोरगेला मास्तर आणि शेवटी येणारा दुष्काळ, एवढ्याच सामग्रीवर व्यंकटेश माडगूळकरांनी एक अख्खं गाव उभं केलं आहे. दोन्ही पुस्तकं आठवड्याभराच्या लोकलप्रवासात होतात.

बोलीचा अंदाज न घेणं

बनगरवाडीत माणदेशी बोली आहे, पेंडशांच्या कादंबऱ्यांत कोकणातली. नागपूर, बेळगाव किंवा बडोद्यात वाढलेल्या वाचकाला, आणि परदेशात मोठ्या झालेल्या मुलांना तर जास्तच, पहिली वीस पानं यामुळे जड जातात. उपाय साधा आहे. संवाद असलेलं एक पान त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. डोळ्यांना अडलेली बोली कानाला बहुधा कळते. तरीही एका पानाला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल, तर सलग कादंबरी बाजूला ठेवून सुटी प्रकरणं असलेलं पुस्तक द्या. माणदेशी माणसं किंवा व्यक्ती आणि वल्ली या पुस्तकांतलं कोणतंही व्यक्तिचित्र एका बैठकीत होतं. ऐकायची सवय असलेल्यांना ऑडिओ पुस्तक सुचवायला संकोचू नये.

जुनं पुस्तक म्हणजे अवघड भाषा, हा समजही तपासून घ्यावा. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. त्यातली भाषा मात्र समोर बसून कुणी बोलावं तशी आहे, आणि नंतर आलेल्या कित्येक कादंबऱ्यांहून ती सोपी जाते.

श्यामची आई एका दमात वाचायला लावणं

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक देऊन "सुट्टीत वाचून काढ" म्हटलं की हमखास बिघडतं. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, पुस्तक १९३५ मध्ये आलं. त्याची घडण रात्रींची आहे: श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. म्हणजे हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठी आणि थांबत थांबत ऐकण्यासाठी बांधलेलं आहे. सलग वाचलं तर गरिबी, कर्ज आणि आजारपण यांचा भार एकदम पडतो, आणि मूल "नुसतं रडवणारं पुस्तक" म्हणून त्याकडे पाठ फिरवतं.

एका संध्याकाळी एकच रात्र वाचावी, मोठ्याने, घरातल्या मोठ्या माणसाने. बहुतेक प्रकरणं त्या वेळात सहज बसतात. खोत, सावकार, सोवळंओवळं यांचा अर्थ तिथेच दोन वाक्यांत सांगावा. आणि ही गोष्ट "बघ, असं वागावं" म्हणून मुलाच्या अंगावर फेकू नये. पुस्तकातला श्याम चुकतो, खोटं बोलतो, हट्ट करतो, म्हणून तो मुलांना आपला वाटतो. स्वतः वाचणाऱ्या मुलाला याच वयात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे जास्त जवळचा वाटेल. दोन्ही पुस्तकं घरात एकाच वेळी असू द्यावीत.

कोणती प्रत, हे न सांगणं

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून श्यामची आई कुणीही छापू शकतं. स्मृतिचित्रे त्याच्याही आधी मुक्त झालं. फायदा असा की स्वस्त प्रती मिळतात. तोटा असा की त्यांतल्या काही बारीक टाइपाच्या, मुद्रणदोषांनी भरलेल्या, तर काही न सांगता छाटलेल्या असतात. विकत घेण्याआधी अनुक्रमणिका उघडा: ४२ रात्री आहेत का? स्मृतिचित्रे चारही भागांसह आहे की संक्षिप्त? साठीपुढच्या वाचकाला देणार असाल तर टाइप किती मोठा आहे ते पाहा. चांगलं पुस्तक डोळे दुखतात म्हणूनही सुटतं.

गोडसे भटजींच्या माझा प्रवासच्या बाबतीत तर आवृत्तीने पुस्तकच बदलतं. वरसईचा हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकला आणि झाशीत त्याने जे पाहिलं ते पुढे लिहून काढलं. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापलं, पण फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची. शिफारस करताना पोतदारांचं नाव सोबत सांगा.

कादंबरी इतिहास म्हणून देणं

मृत्युंजय (१९६७) वाचून कर्णाविषयी बोलणारे अनेक जण शिवाजी सावंतांचा कर्णच महाभारतातला कर्ण समजतात. सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना स्वतः बोलायला लावलं, ही कादंबरीकाराची निर्मिती आहे. देताना एवढंच सांगावं, म्हणजे रस कमी होत नाही आणि नंतर मूळ कथेशी ताडून पाहावंसं वाटतं. विश्वास पाटलांच्या पानिपतलाही (१९८८) हेच लागू. ऐतिहासिक कादंबरी आवडलेल्या वाचकाला पुढचं पुस्तक म्हणून माझा प्रवास द्यावं. प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या लेखनातला थरार तिथे मिळतो.

"रडशील बघ" म्हणून देणं

परिणाम आधी सांगितला की वाचणारा तो शोधत बसतो. रणांगणच्या शेवटाबद्दल एक अक्षर बोलू नये. पुस्तक कुठे घडतं, कोण सांगतं आणि सुरुवात कशी आहे, ही तीन वाक्यं पुरतात.

मात्र एक गोष्ट लपवूही नये. सदानंद देशमुखांची बारोमास (२००२) कर्जात रुतत जाणाऱ्या शेतकरी घराची कादंबरी आहे. ज्याच्या घरात असा घाव ताजा आहे त्याला ती अचानक देऊ नये. आधी विषय सांगावा, आणि वाचायची की नाही हे त्याला ठरवू द्यावं. दया पवारांचं बलुतं (१९७८) किंवा लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या (१९८७) यांची ओळख "फार दुःखद" या दोन शब्दांत करून देणं हा त्या पुस्तकांवर अन्याय आहे. बलुतंमध्ये मुंबईच्या कावाखाना या वस्तीतली जिवंत माणसं आहेत, उचल्यात गुन्हेगार ठरवलेल्या जमातीत जन्मून शिकत गेलेल्या मुलाची नजर आहे. ओळख करून द्यायची ती या माणसांची.

दिल्यानंतर अडलं तर

दहा नावांची यादी पाठवू नका. एक पुस्तक आणि ते न जमल्यास एक पर्याय, बस्स. दोन आठवड्यांनी "आवडलं का?" विचारू नका, समोरचा संकोचाने "हो" म्हणतो. "कुठपर्यंत आलंय?" असं विचारा. तिसाव्या पानाच्या आत थांबलं असेल तर बहुधा भाषा किंवा टाइप आड येतो आहे: मोठ्याने वाचणं, ऑडिओ किंवा दुसरी प्रत सुचवा. मध्यावर थांबलं असेल तर नावं आणि नाती गोंधळात टाकतात. तुंबाडचे खोतसारख्या कादंबरीला पहिल्या कोऱ्या पानावर वंशवेल पेन्सिलीने काढत गेलं की गुंता सुटतो. पूर्ण वाचूनही काहीच वाटलं नसेल तर वाद घालू नका. त्यातलं कोणतं माणूस खोटं वाटलं, ते विचारा. पुढचं पुस्तक निवडायला ते उत्तर उपयोगी पडेल.