रस्त्याकडेला क्रॅश बॅरियर कसा बसवायचा, आणि कुठे अजिबात बसवायचा नाही

पानशेत रोड घ्या, ताम्हिणी घ्या, नाहीतर भोरवरून वरंध्याकडे जाताना नीरा देवघरच्या पाण्याला लागून जाणारा पट्टा घ्या. कुठेतरी एखादी गाडी खाली जाते आणि लगेच गावातून मागणी येते की इथे ते पत्र्याचं रेलिंग, म्हणजे क्रॅश बॅरियर, लावा. मागणी चुकीची नसते, पण नंतर जे लागतं ते बऱ्याचदा नुसतं लावल्यासारखं असतं, कारण बिल मीटरवर निघतं आणि मधला सरळ पत्रा लावणं सगळ्यात सोपं. जीव वाचतो की जातो हे ठरतं खांबाखालच्या मातीवर आणि बॅरियरच्या दोन टोकांवर, आणि नेमकं तिथेच कोणी वाकून बघत नाही. म्हणून हे लिहितोय, साइटवर नवीन आलेल्या सुपरवायझर पोरांसाठी आणि काम चालू असताना बाजूला उभं राहून बघणाऱ्या गावकऱ्यांसाठी पण.

एक आधीच सांगतो, वर्गणी काढून स्वतः बॅरियर लावायला जाऊ नका. रस्ता ज्याचा त्यानंच ते करायचं. कोणाचा ते किलोमीटरच्या दगडावरून कळतं, डोक्याला पिवळा रंग असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. राज्यमार्गाला पीडब्ल्यूडीच्या उपविभागात अर्ज द्यायचा, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचे फोटो आणि पोलीस स्टेशनकडून झालेल्या अपघातांची माहिती जोडायची. नॅशनल हायवेला ब्लॅक स्पॉटची व्याख्या ठरलेली आहे, साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमीचे 5 अपघात, नाहीतर 3 वर्षांत 10 मृत्यू, त्यात बसत असेल तर अर्जात हे आकडे टाकाच. आणि मोटार वाहन कायद्यात 2019 ला 198अ कलम आलंय, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कॉन्ट्रॅक्टरला 1 लाखापर्यंत दंड. अर्जात याचा नुसता उल्लेख असला तरी फाइल जरा लवकर सरकते असा माझा तरी अनुभव आहे.

आता कुठे लावायचा. बॅरियर हा स्वतःच एक अडथळा आहे, त्याला धडकलं तरी लागतंच, विशेषतः टू-व्हीलरवाल्याला, त्याच्यासाठी ते खांब म्हणजे चाकूच. त्यामुळे प्रश्न एवढाच विचारायचा की मागे जे आहे त्यात जाण्यापेक्षा बॅरियरला धडकणं परवडेल का. दरी, खोल पाणी, 3 मीटरपेक्षा उंच भराव, पुलाच्या अलीकडचा उतार, इथे परवडतं. पण मागे सपाट ज्वारीचं रान असेल तर गाडी रानात गेलेली बरी, तिथे पत्रा लावून पैसे पण घालवता आणि धोका पण उभा करता. भराव थोडाच असेल तर मुरूम टाकून उतार सपाट करून घ्या, मोडका बोर्ड नाहीतर दगडी गडगा कडेला असेल तर तो हलवा, हे बॅरियरपेक्षा स्वस्त आणि चांगलं. आणि हो, वळणावर गाड्या जातायत त्या स्पीडमुळे की रात्री वळण दिसतच नाही म्हणून, ते पण बघा. न दिसणाऱ्या वळणाला आधी बाणाचे बोर्ड आणि कॅट्स आय, म्हणजे रात्री चमकणारे रस्त्यातले खडे, लागतात, पत्रा नंतर.

साधा डब्ल्यू बीम, म्हणजे नेहमी दिसतो तो दोन उभारांचा पत्रा, कोणासाठी आहे हेही कळलं पाहिजे. परदेशात त्याची जी नेहमीची टेस्ट व्हायची ती 2000 किलोच्या पिकअपची, 100 किलोमीटर स्पीडला, 25 अंशात धडकवून. भरलेली एसटी किंवा उसाचा ट्रक तो अडवेलच याची खात्री नाही. घाटात जिथे बस आणि जड गाड्या सतत असतात आणि खाली सरळ दरी आहे, तिथे कॉंक्रीटचा बॅरियर नाहीतर निदान तीन उभारांचा थ्री बीम मागा, डब्ल्यूवर समाधान मानू नका.

लांबी किती धरायची, इथे सगळ्यात जास्त कंजुषी होते. मोरी 6 मीटरची, म्हणून बॅरियर 10 मीटरचा, असं करतात. गाडी रस्ता सोडते ती काटकोनात सोडत नाही, तिरकी तिरकी जाते, म्हणजे धोक्याच्या बरीच आधी कडेला उतरलेली असते आणि तुमच्या तुटपुंज्या पत्र्याच्या मागून आरामात खाली जाते. त्यामुळे बॅरियर धोक्याच्या बराच आधी सुरू व्हायला पाहिजे आणि आपले गावाकडचे रस्ते दुपदरी, मध्ये डिव्हायडर नाही, समोरची गाडी पण आपल्या बाजूला येऊन पडू शकते, म्हणून पलीकडच्या टोकाला पण तेवढाच वाढवायला लागतो. किती ते आयआरसी 119 मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या बॅरियरवरच्या पुस्तिकेत, स्पीड आणि अंतरावरून काढायची पद्धत दिलीय, इंजिनियरकडून ते गणित कागदावर मागून घ्या.

माल आला की उतरवतानाच बघा. बीमचा पत्रा 3 मिलिमीटर जाड, खांब 150 बाय 75 बाय 5 चा चॅनल, लांबी 1.8 मीटर, खांब आणि बीमच्या मध्ये अंतर ठेवायला त्याच चॅनलचा तुकडा, म्हणजे स्पेसर. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये 811 नंबरचं कलम आहे त्यात हे सगळं मिळेल. झिंकचा थर चौरस मीटरला 550 ग्रॅम, म्हणजे मीटर लावून बघितलं तर साधारण 77 मायक्रॉन यायला पाहिजे. नुसता चंदेरी रंग मारलेला माल पण फिरतो बाजारात, पावसाळा गेला की गंजाचे ओघळ दिसतात. हिशोब सोपा आहे, बीम लागल्यावर 4 मीटर धरतो आणि खांब दर 2 मीटरला, म्हणजे 100 मीटरला 25 बीम, 51 खांब, 51 स्पेसर, आणि दर जोडाला 8 बोल्ट 16 मिलिमीटरचे. एक बीम 50 किलोच्या आसपास भरतो, एकट्यादुकट्यानं उचलायचा नाही, हातमोजे घालून उचलायचा, कडा ब्लेडसारख्या असतात.

खांब ठोकायच्या आधी दोन कामं. एक, खाली काय गेलंय ते विचारा. ग्रामपंचायतीची पाण्याची लाइन, इंटरनेटची ओएफसी केबल, महावितरणची केबल, सगळं ह्याच साइडपट्टीतून गेलेलं असतं आणि कोणाकडे नकाशा नसतो, तर पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलवून लाइन कुठून जाते ते चुन्यानं मारून घ्या. दोन, शेताच्या वाटा. हे विसरलात तर तुमचा बॅरियर टिकणारच नाही, कारण ज्याची वाट बंद झाली तो एका रात्रीत पाना घेऊन एक बीम काढून ठेवणार, नाहीतर गॅसकटरनं कापणार, आणि ते कापलेलं टोक आता येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभं. बारामती, इंदापूर, दौंडकडे ऊसतोडीच्या टायमाला ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या घेऊन वळतो, त्याला वळायला किती जागा लागते ते त्यालाच विचारा, तेवढी सोडा आणि त्या तोंडाशी बॅरियर आतल्या रस्त्याकडे गोल वळवून संपवा.

मग सूत लावून लाइन मारायची. खांबाच्या मागे निदान 2 फूट सपाट, दाबलेला भराव पाहिजे. बॅरियर काम कसं करतो तर खांब मातीत थोडा कलतो, पत्रा ताणला जातो आणि गाडी घासत घासत परत रस्त्याला लागते. खांब भरावाच्या अगदी कडेला ठोकला तर धरायला मागे मातीच नाही, तो गाडीला घेऊनच खाली जाईल. आणि धडकेत पत्रा मीटरभर मागे सरकू शकतो, म्हणून बरोबर मागे चिकटून वडाचं खोड किंवा विजेचा पोल असून चालत नाही. बॅरियरच्या पुढे उंच दगडी कर्ब, म्हणजे कडेचा कट्टा, पण नको, चाक त्याच्यावर चढून गाडी उडते आणि पत्र्याच्या वरून जाते.

ठोकायला मशीनच पाहिजे. ठोकायच्या आधी प्रत्येक खांबावर खालून 1.1 मीटरला ऑइल पेंटनं पट्टा मारा, ठोकून झाल्यावर पट्टा जमिनीला टेकला पाहिजे, हे आधी बघायचं. पण तेवढ्यावर विसंबू नका, मुळशी, वेल्ह्याकडे दोन फुटांवर कातळ लागतो आणि मग ठेकेदाराची माणसं खांब खालून कापून तेवढाच बसवून मोकळी होतात. वरून सगळं एका लाइनीत, एकदम झकास दिसतं. शंका आली तर एखादा खांब तुमच्यासमोर उपटून दाखवायला सांगा, भांडण होईल, होऊ दे. कातळ लागला तर ड्रिल मारून भोक करायचं, खांबापेक्षा मोठं, आणि ड्रॉइंगमध्ये जे भरायला सांगितलंय तेच भरायचं. घट्ट कॉंक्रीटमध्ये पक्का धरलेला खांब कलत नाही, गाडीला तिथेच अडकवतो, म्हणून माझं मत खडी किंवा मुरूम ठोकून भरण्याच्या बाजूनं आहे, पण ड्रॉइंगमध्ये कॉंक्रीट असेल तर इंजिनियरला लेखी विचारल्याशिवाय बदलू नका. काळ्या मातीत उलट त्रास, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, खांब डुलायला लागतो, तिथे माती काढून मुरूम भरून दाबून मग ठोका. काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

उंची, पत्र्याची वरची कड जमिनीपासून 70 सेंटीमीटर. खाली राहिली तर जीप वरून पलटी, फार वर गेली तर छोटी गाडी खाली घुसते. मोजताना पत्र्याच्या पुढच्या बाजूनं मोजा, मागे उतारावरून नको.

बीम चढवताना जोड कुठल्या बाजूनं येतो ते महत्त्वाचं. जवळच्या लेनमधली गाडी ज्या दिशेनं जाते त्या दिशेनं हात फिरवला तर कुठेही कड बोचली नाही पाहिजे, म्हणजे आधीचा बीम पुढच्या बीमच्या वर, रस्त्याच्या बाजूनं. उलटा लावला तर तीच कड धडकलेल्या गाडीचा पत्रा फाडते. बोल्टचं गोल डोकं रस्त्याकडे, नट मागे. आधी सगळे बोल्ट हातानं लावून घ्या, सुतात लाइन बघा, वरखाली सरळ करा, भोकं लांबट असतात ती ह्याच्यासाठीच, आणि मग पान्यानं आवळा. जुळत नाही म्हणून गॅसनं भोक पाडू नका, झिंक जळून जातं. घाटातल्या एकदम बारीक वळणाला सरळ बीम दोरी लावून ओढून वाकवतात ते पण नको, कारखान्यातूनच गोलाई देऊन मागवा.

आता टोकं. पुण्याच्या आसपास कुठेही फिरा, माशाच्या शेपटीसारखा एक पत्रा शेवटच्या बीमला लावलेला दिसेल, संपलं काम. समोरून धडक बसली की अख्खा बीम भाल्यासारखा बॉनेटमधून आत येतो, सीटपर्यंत. दुसरा प्रकार, टोक हळूहळू खाली नेऊन जमिनीत गाडायचं, भोसकत नाही हे खरं, पण स्पीडमधल्या गाडीला तो रॅम्प होतो, एका बाजूची चाकं चढतात आणि गाडी पलटते. कमी स्पीडच्या रस्त्यावर चालून जाईल, हायवेला नको. घाटात सगळ्यात चांगलं म्हणजे शेजारी डोंगराची कटिंग असेल तर बॅरियर उंची न कमी करता तिरका नेऊन डोंगरातच गाडून टाकायचा, टोकच उरत नाही. ते जमत नसेल तर रस्त्यापासून लांब तिरका नेऊन टोकाला कॉंक्रीटचा अँकर, म्हणजे टोक धरून ठेवणारा जमिनीतला ठोकळा, द्यायचा, किंवा पैसे असतील तर टेस्ट झालेला एंड टर्मिनल, जो धडकेत दाबला जात जात गाडी थांबवतो. अँकर मात्र हवाच, टोक मोकळं असेल तर पत्र्यात ताण येणार कुठून. एस्टिमेटमध्ये टोकांसाठी वेगळा आयटम आहे का बघा. नसेल तर टेंडर निघायच्या आधीच बोंब मारा, नंतर तो एक्स्ट्रा आयटम म्हणून वर्षभर लटकतो.

पुलाचा किंवा मोरीचा कठडा जिथे सुरू होतो तिथे पण असंच. मऊ पत्रा मागे सरकतो, कॉंक्रीट जागचं हलत नाही, मग गाडी घासत येऊन बरोबर कठड्याच्या तोंडावर आदळते. म्हणून पुलाजवळ येताना खांब जवळ जवळ घ्यायचे आणि पत्रा कठड्यावर नेऊन बोल्टनं पक्का करायचा. मध्ये फूटभर फट ठेवून दोन्ही वेगवेगळे सोडलेले इतके बघितलेत की आता मोजत पण नाही.

काम करताना स्वतःची माणसं सांभाळा. बऱ्यापैकी आधीपासून बोर्ड, कोन, दोन्ही टोकांना झेंडेवाला, सगळ्यांना जाकीट. सिंहगड, पानशेत, लवासा, ताम्हिणीच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी काम काढूच नका, आणि दिवे घाटात माउलींच्या पालखीच्या दिवसांत तर विषयच नाही. संध्याकाळी घरी जाताना खांब ठोकलेत पण बीम चढवला नाही, किंवा अर्धाच चढवून टोक मोकळं राहिलंय, असं ठेवून जायचं नाही. जेवढे बीम चढणार तेवढेच खांब ठोका, आणि रात्रीपुरत्या टोकाला रिफ्लेक्टरवाले ड्रम लावा.

झाल्यावर दर पावसाळ्यानंतर एक फेरी मारा. खांबाखालची माती वाहून गेली का, बोल्ट चोरीला गेलेत का, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेत का. डांबराचा नवीन थर पडला की रस्ता वर येतो आणि 70 चे 60-65 होतात, हे तर कोणी धरतच नाही, डांबरीकरणाच्या एस्टिमेटमध्येच बॅरियर उचलायचा आयटम घालून घ्या. गाडी धडकून बॅरियर मोडला तर पोलीस पंचनाम्यात किती बीम, किती खांब गेले ते लिहून घ्या, कारण टू-व्हीलर सोडून बाकी गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला 7.5 लाखापर्यंत कव्हर असतं, विभागाला त्यातून खर्च मागता येतो. वाकलेला बीम हातोड्यानं सरळ करून परत लावायचा नाही, तो भंगारात, आणि भंगाराची पावती फाइलला.