आईचा फोन जाहिरातींतून सोडवताना

गेल्या दिवाळीत कराडला गेले, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आत आईने फोन माझ्या हातात दिला. "बघ गं, यात तेरा व्हायरस शिरलेत म्हणे. मी काही केलं नाही हं." जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवण्यात घालवलेली बाई, आणि आवाज मात्र दोषी असल्यासारखा. मला फार वाईट वाटलं. मी पुण्यात ऑनलाइन जाहिरातींच्या जागा विकत घेण्याचं काम करते, म्हणून ठामपणे सांगते, चूक तिची नव्हती. बंद करायची फुली ज्वारीच्या दाण्याएवढी, तीही पांढऱ्यावर करडी, अशी मुद्दाम केलेली असते. फोनमध्ये व्हायरस आहे अशी खोटी भीती घालणं तर नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनाई केलेल्या 13 'डार्क पॅटर्न'पैकी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांपैकी, एक आहे.

तुमच्या घरीही असा अँड्रॉइड फोन असेल तर तो घेऊन आत जाऊ नका. ज्याचा फोन आहे त्याला शेजारी बसवा, चष्मा लावायला सांगा आणि बटणं त्याच्याच बोटाने दाबून घ्या.

पहिल्यांदा नोटिफिकेशन. व्हायरसची सूचना आली की तिला हात लावून उघडायचं नाही, बोट तसंच दाबून धरायचं. ती कुणाकडून आली ते तिथे दिसतं. आईच्या फोनवर ती क्रोममधून येत होती. तिने अनारशांची कृती शोधली होती आणि एका पानाने विचारलं होतं, "तुम्ही रोबो नाही ना? मग अलाउ दाबा." तिने दाबलं. रोबोचा तिथे काही संबंध नव्हता, ती सूचना पाठवण्याची परवानगी होती. क्रोममध्ये वरची तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, असं गेलात की परवानगी मिळालेल्यांची यादी दिसते. आईच्या यादीत तेवीस नावं होती. तिच्या वर्तमानपत्राचं ठेवलं, बाकी सगळी काढली आणि यापुढे कुणी विचारूच नये म्हणून वरचं मुख्य बटणही बंद केलं. अर्धा त्रास इथेच संपला.

दुसरा त्रास जास्त चिवट होता. फोन नुसता टेबलावर ठेवलेला असायचा आणि अख्ख्या पडद्यावर जाहिरात उघडायची. अशी जाहिरात आली की ती बंद करण्याच्या नादी न लागता लगेच अलीकडे वापरलेल्या ॲपचं बटण दाबा. जाहिरातीच्या डोक्यावर ज्या ॲपचं चिन्ह दिसतं, ते तुमचा गुन्हेगार. आमच्याकडे ते टॉर्चचं ॲप निघालं. टॉर्च प्रत्येक फोनात असतेच, वरून खाली बोट ओढलं की सापडते, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन 'साफ' करणारी ॲपही बहुतेकांना लागत नाहीत, काढून टाका. चिन्ह सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग विशेष ॲक्सेस, मग 'इतर ॲप्सवर दाखवणे' इथे कोणत्या ॲपला परवानगी आहे ते बघा. जाहिराती काहीच करू देत नसतील तर पॉवर ऑफची खूण दाबून धरून फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे बाहेरून घेतलेली ॲप झोपलेली असतात, निवांत काढता येतात.

आता माझ्या कामाची बाजू. प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक जाहिरात क्रमांक असतो. वेगवेगळी ॲप त्यावरून तोच फोन ओळखतात. आईने एकदा गुडघेदुखी शोधली आणि पुढे कित्येक दिवस तेलाच्या बाटल्या तिच्या मागे लागल्या. अँड्रॉइड 12 पासून हा क्रमांक पुसता येतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲड्स, 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. काही फोनांत हे गूगलच्या सेटिंगखाली असतं. पुसल्यावर ॲपना नुसती शून्यं दिसतात. जाहिराती त्याने थांबत नाहीत, पण या क्रमांकावरून माग काढणं थांबतं.

वेबपानांवरच्या जाहिरातींसाठी मी तिला फायरफॉक्स हा ब्राउझर दिला आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं विस्तारक, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवलं. मोबाइलच्या क्रोममध्ये विस्तारक चालत नाहीत. तिच्या वर्तमानपत्राच्या साइटवर मात्र ते बंद ठेवलं, कारण त्या बातमीदारांचा पगार जाहिरातींतूनच निघतो आणि त्या जाहिराती तिला फसवत नाहीत.

जाहिरातींचे एसएमएस थांबवायला इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', एक जागा सोडून 0, असं 1909 वर पाठवा. बँकेचे ओटीपी त्याने बंद होत नाहीत. आणि एखाद्या जाहिरातीतून पैसे गेलेच असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर.

आईने हे सारं तिच्या शाळेच्या वळणदार अक्षरात वहीत उतरवलं. 'अलाउ – नाही. ब्लॉक – हो. व्हायरस आला तर काही न दाबता मागे जाणे.' मागच्या महिन्यात गेले, तर खाली आणखी एक ओळ दिसली, शेजारच्या काकूंसाठी लिहिलेली: 'टॉर्च – वरून खाली बोट ओढणे.'