टूसानच्या वाळवंटात आरव्हीचा मुक्काम : आधी जागा, मग गाडी

ॲरिझोनातल्या टूसानला आरव्हीने, म्हणजे आतच राहता-झोपता येईल अशा गाडीने, जायचं ठरलं की बहुतेक कुटुंबं आधी गाडी शोधतात आणि मग ती लावायला जागा. क्रम उलटा हवा. आधी तारखा, मग कॅम्पग्राउंड, आणि त्या जागेला कोणती गाडी चालेल हे पाहून शेवटी भाड्याची गाडी. वाळवंटात मुक्काम सुखाचा होतो की नाही हे पाणी, वीज आणि सावली यांवर ठरतं, आणि या तिन्ही गोष्टी जागेबरोबर मिळतात.

कधी जायचं

नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात. टूसान समुद्रसपाटीपासून साधारण 2,400 फूट उंचीवर आहे, त्यामुळे जानेवारीत दुपारी 18-19 अंश सेल्सियस असतं आणि पहाटे 4-5 अंशांपर्यंत उतरतं. ओढ्याकाठच्या सखल जागी थंड हवा साचते. तिथे शून्याखालीही जातं. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे भरणाऱ्यांची पहिल्याच रात्री फजिती होते. जून-जुलैत दुपार 38 अंश किंवा त्याहून वर जाते. तेव्हा आरव्हीचा एसी दिवसभर चालूनही आत जेमतेम सुसह्य असतं. मुलाबाळांसह त्या दिवसांत जाऊ नये.

थंडीच्या हंगामातही एक अडचण आहे. जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहरभर रत्नं आणि खनिजांची मोठी प्रदर्शनं भरतात. शिवाय उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले निवृत्त लोक महिनोन् महिने इथे तळ ठोकून असतात. या काळात ऐनवेळी जागा मिळेल अशी आशा धरू नका.

कोणती जागा

कुटुंबासाठी पहिली पसंती कॅटालिना स्टेट पार्क. शहराच्या उत्तरेला ओरॅकल रोडवर, सांता कॅटालिना डोंगरांच्या पायथ्याशी. इथल्या 120 जागांना वीज आणि पाणी दोन्ही आहे, गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत, डम्प स्टेशनही (गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे. सांडपाण्याची नळी मात्र जागेवर नाही, हे ध्यानात ठेवा. आरक्षण 365 दिवस आधी उघडतं. फेब्रुवारी-मार्चच्या शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर संपतात. रविवार ते गुरुवार धरलात तर निवड करायला वाव मिळतो.

दुसरी जागा शहराच्या पश्चिमेला, टूसान माउंटन पार्कमधलं गिल्बर्ट रे कॅम्पग्राउंड. सावारो निवडुंगांच्या मधोमध वसलेलं, आणि देखाव्यात कॅटालिनापेक्षा सरस. पण प्रत्येक जागेवर फक्त 30 अँपियरची वीज मिळते. पाण्याचे नळ सामाईक आहेत आणि न्हाणीघर नाही. दोघांनी तीन दिवस राहायचं असेल तर हीच जागा घ्या. आजी-आजोबा आणि दोन मुलं सोबत असतील तर कॅटालिनाच बरं.

खासगी आरव्ही पार्कांत वीज, पाणी, सांडपाणी सगळं जागेवर मिळतं. मात्र टूसानमधली बरीच पार्कं ‘55 प्लस’ आहेत, म्हणजे किमान एकाचं वय 55 हवं आणि मुलांना मुक्कामाची मुभा नाही किंवा अगदी थोड्या दिवसांची. पैसे भरण्याआधी हे फोनवर विचारा. काही पार्कं दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत.

सावारो नॅशनल पार्कच्या आत आरव्ही लावून राहण्याची सोय नाही. तिथे दिवसा फिरायला जायचं.

मग गाडी

चौघांना 25 फुटांच्या आसपासची क्लास सी पुरते. पुढे ट्रकचं तोंड आणि त्याच्या डोक्यावर पलंग असतो, तीच. 30 फुटांवर गेलात की वळणं, पार्किंग आणि पेट्रोल पंप, सगळीकडे कसरत. बरेच मराठी लोक फीनिक्सहून गाडी घेतात. तिथून टूसान आय-10 ने साधारण 115 मैल आहे.

गेट्स पासचा रस्ता टाळा. नकाशाचं ॲप गिल्बर्ट रे किंवा डेझर्ट म्युझियमकडे जाताना हाच जवळचा रस्ता दाखवतं. तो अरुंद आणि चढउताराचा आहे, आणि 25 फुटांवरच्या गाड्यांना तिथे मनाई आहे. आजो वे, म्हणजे हायवे 86, धरून किनी रोडला वळायचं. फिरण्यासाठी टूसानमध्ये दोन-तीन दिवस छोटी कार भाड्याने घेणं उत्तम. सावारो पार्कातल्या दोन्ही फेरीच्या रस्त्यांवर 8 फुटांपेक्षा रुंद गाड्यांना बंदी आहे आणि आरव्ही सहज त्याहून रुंद निघते. माउंट लेमनचा 9,000 फुटांवर जाणारा घाटही कारनेच करावा.

ताब्यात घेताना गाडीची उंची फुटांत विचारून चिकटपट्टीवर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. साधारण 11-12 फूट असते, आणि छतावरचा एसी सगळ्यात आधी आपटतो. टायरवर कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर या उन्हात घेऊ नका, नक्षी कितीही शाबूत दिसो. हवा सकाळी थंड असताना तपासा. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली तर थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायरच हायवेवर फुटतो.

विजेचा हिशोब

30 अँपियर म्हणजे 120 व्होल्टवर 3,600 वॅट. आता बेरीज करा. छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी (आपल्या भाषेत एक टनाहून थोडा जास्त) चालताना 12 ते 16 अँपियर घेतो. मायक्रोवेव्ह 12-13. पाणी तापवणारा हीटर विजेवर ठेवला तर आणखी 12. पूर्ण ताकदीवरचं इंडक्शन 15. एसी आणि इंडक्शन एकत्र चालवलं, त्यात कोणी चहासाठी मायक्रोवेव्ह लावला, की ब्रेकर पडलाच. साधा नियम ठेवा : एसी चालू असेल तर गरम करणारं एकच यंत्र, आणि पाण्याचा हीटर कायम गॅसवर.

दुपारी सगळ्यांचे एसी चालू असताना जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये व्होल्टेज उतरतं. 105 व्होल्टच्या खाली कॉम्प्रेसर जळू शकतो. म्हणून व्होल्टेज कमी-जास्त झाल्यास वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर भाड्याच्या गाडीसोबत मागून घ्या. जोडताना जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. काढताना पुन्हा ब्रेकरच आधी.

गाडीतला जनरेटर इंजिनाच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि ती एक चतुर्थांश उरली की आपोआप बंद पडतो. तो बिघडला असं समजून मध्यरात्री मदतीला फोन करू नका.

पाणी

ताज्या पाण्याची टाकी साधारण 40 गॅलनची, म्हणजे 150 लिटर. चौघांचं पिणं आणि स्वयंपाक 20 लिटर, भांडी 20, संडास 12, आणि ओलं होऊन नळ बंद, साबण, पुन्हा नळ अशी काटकसरीची अंघोळ माणशी 12 धरली तर दिवसाला शंभर लिटर लागतात. दीड दिवसात टाकी रिकामी. अंघोळ न्हाणीघरात केली तर तेच पाणी जवळपास तीन दिवस पुरतं. गिल्बर्ट रे आणि कॅटालिना यांच्यातला खरा फरक हाच.

पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा असतो, बहुधा पांढरा. नळाला आधी 40-50 पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर लावा आणि मग पाइप, नाहीतर आतले प्लॅस्टिकचे सांधे सुटतात. रात्री शून्याखाली जायचा अंदाज असेल तर पाइप काढून रिकामा करा आणि टाकीतलं पाणी वापरा. आणि नळ टपकू देऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडावर मधमाश्या ओलाव्याच्या शोधात थव्याने येतात, आणि इथल्या माश्या चिडक्या आहेत.

स्वयंपाकघर आणि टाक्या

सिंकचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, संडासचं ब्लॅक टँकमध्ये. आपल्या स्वयंपाकात ग्रे टँक ब्लॅकइतकाच त्रास देतो. फोडणीचं तेल थंड टाकीत गोठून भिंतींना आणि मापकाच्या टोकांना चिकटतं. मग टाकी रिकामी असूनही ‘भरली’ दाखवते आणि वास सुटतो. कढई, तवा, ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा. भाताची शितं आणि चहाचा चोथा जाळीत अडवा.

मिरचीची फोडणी आत दिलीत तर छतावरचा धुराचा अलार्म हमखास कोकलतो. त्याची बॅटरी काढून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. लाकडाची शेकोटी बंद असते तेव्हाही बटणाने बंद होणारी गॅसची शेगडी बहुतेक ठिकाणी चालते, तरी नियम फाटकावर विचारून घ्या. एक छोटी शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडली की फोडणी, पापड, ठेचा सगळं बाहेर उरकतं.

गॅस-विजेवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज थंड व्हायला रात्रभर घेतो आणि गाडी समतल नसेल तर नीट चालतच नाही. त्याची उष्णता बाहेरच्या भिंतीतल्या झडपेतून जाते. ती भिंत दुपारी पश्चिमेच्या उन्हात आली की आत 8-10 अंश होतात, दूध नासतं आणि दही रात्रीपर्यंत आंबट ढाण. त्या बाजूला झाडाची सावली मिळेल अशी जागा पाहा. उलट दार आणि सायबान, म्हणजे दाराबाहेर उघडणारं कापडी छप्पर, उजव्या बाजूला असतात. गाडीचं तोंड उत्तरेला ठेवलं तर सायबान पूर्वेला येतो आणि दुपारभर बसायला सावली मिळते. पण फ्रीजची भिंत डावीकडे असेल तर ती मग पश्चिमेला येते, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. एप्रिलमध्ये फ्रीज सांभाळा, जानेवारीत बैठक.

सायबान उघडा टाकून फिरायला जाऊ नका. वाऱ्याचा एक झोत तो छतासकट उपटतो, आणि ते बिल विम्यात बहुधा बसत नाही.

संडासच्या टाकीत पाणी भरपूर सोडा. आपली पाण्याची सवय इथे फायद्याची, कारण कागद कमी जातो. ती टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप उघडायची नाही. आधीच उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि मळाचा ढीग तळाशी सुकतो. डम्प स्टेशनवर रबरी हातमोजे घाला, नळी घट्ट बसवा, आधी ब्लॅक पूर्ण रिकामी करा, झडप बंद करा, मग ग्रे. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते.

वाळवंटाचे धोके

चोया नावाच्या निवडुंगाचं बोंड नुसत्या स्पर्शाने अंगात रुततं. हाताने काढायला गेलात तर हातात रुततं. मोठा कंगवा बोंड आणि कातडी यांच्यामध्ये घालून झटक्याने उडवा, उरलेले काटे चिमट्याने काढा. रात्री बूट बाहेर ठेवू नका. विंचू शोधायला अतिनील टॉर्च घ्या, त्या उजेडात तो हिरवट चमकतो.

मान्सून हा शब्द इथेही आहे, 15 जून ते 30 सप्टेंबर. कोरडा ओढा काही मिनिटांत भरतो, पाऊस डोंगरात पडलेला असतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. ‘बंद’चा फलक ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्चही तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. आय-10 वर, फीनिक्स आणि टूसानच्या मधल्या पिकाचो पीक डोंगराच्या आसपास धुळीचं वादळ गाठलं तर रस्त्यापासून शक्य तितकं दूर थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक त्यांना पुढची चालती गाडी समजून थेट तुमच्यावर येतो.

पोचणं आणि निघणं

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, त्यामुळे चारपर्यंत फाटकावर असा. गाडी मागे घेताना एकाने चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं, आणि दुसऱ्याने फक्त वर, मेस्किटच्या फांद्यांकडे पाहायचं. सगळ्यांनी एकदम ओरडू नये.

निघताना वीज, पाणी, नळी, पायरी, सायबान, छतावरच्या खिडक्या, फ्रीजची कडी आणि गॅसची झडप तपासा, आणि एकाने गाडीभोवती पायी एक फेरी मारा. विजेच्या खांबाला धडक बहुतेक वेळा निघतानाच बसते. मागच्या चाकांमागचा भाग लांब असतो आणि वळताना उलट बाजूला झोकतो. म्हणून निम्मी गाडी सरळ बाहेर निघाल्याशिवाय स्टिअरिंग फिरवू नका.