‘मॅग्नेटिझम’ या शब्दाबद्दल लिहिताय? या चुका टाळा

सर्वांत चिवट चूक म्हणजे मेंढपाळाची गोष्ट. मॅग्नेस नावाचा मेंढपाळ इडा पर्वतावर गेला, त्याच्या पायताणाचे खिळे आणि काठीचं लोखंडी टोक खडकाला चिकटलं, म्हणून ‘मॅग्नेट’. गोष्ट छान आहे, पण ती व्युत्पत्ती म्हणून ठोकून देऊ नका. रोमन लेखक प्लिनीने ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात, निकँडर या ग्रीक कवीच्या हवाल्याने सांगितली. त्याच्या कितीतरी आधी प्लेटोच्या ‘आयन’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, की नाटककार युरिपिडीस लोखंड ओढणाऱ्या या दगडाला मॅग्नेशियाचा म्हणतो, पण बहुतेक लोक हेराक्लियाचा म्हणतात. म्हणजे नाव स्थळावरून पडलं असण्याचीच शक्यता जास्त. हे मॅग्नेशिया ग्रीसमधल्या थेसलीतलं की आजच्या तुर्कस्तानातलं, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा त्यातलं एकच छातीठोकपणे लिहू नका.

एका प्रश्नमंजूषेत मी परीक्षकांपैकी होतो. छापील उत्तर होतं ‘मेंढपाळ’. एका मुलीने ‘मॅग्नेशिया प्रदेशावरून’ असं सांगितलं आणि तिला शून्य मिळालं. मी हरकत घेतली, तर आयोजक म्हणाले, “सगळीकडे हेच लिहिलंय.” ते ‘सगळीकडे’ मी उघडून पाहिलं: तीच वाक्यं, त्याच क्रमाने, एकाने दुसऱ्याची उचललेली. मुलीचे गुण काही मिळाले नाहीत. याचा राग मला अजून आहे. पाच मिनिटांत लेख उरकणाऱ्यांच्या घाईची किंमत बरोबर उत्तर देणाऱ्याने का मोजायची? मी तर शब्द सर्वांत जुना कुठे सापडतो ते आधी बघतो. गोष्टीकडे त्यानंतर वळतो, आणि ती लिहिलीच तर ‘आख्यायिका’ म्हणून.

दुसरी चूक अर्थाची. ‘चुंबकत्व म्हणजे आकर्षण’ हे अर्धंच झालं. सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात आणि चुंबकाची खरी कसोटी तीच. साधा खिळा चुंबकाच्या दोन्ही टोकांना ओढला जातो. चुंबक मात्र एका टोकापासून दूर सरतो. आजच्या भौतिकशास्त्रात या शब्दाच्या पोटात विद्युतप्रवाह आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा एक अंगभूत गुणधर्म) हाही येतो. १८२० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला तारेतल्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हललेली दिसली, तेव्हापासून नुसती दगडाची व्याख्या पुरत नाही.

‘चुंबकीय व्यक्तिमत्त्व’ ही कल्पना अठराव्या शतकातल्या मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’तून, म्हणजे सजीवांच्या अंगी अदृश्य चुंबकशक्ती असते या दाव्यातून निघाली, असंही लिहिलेलं दिसतं. पण कालिदासाच्या कुमारसंभवाचा दुसरा सर्ग उघडा. अयस्कांताने, म्हणजे लोहचुंबकाने, लोखंड ओढावं तसं उमेच्या रूपाने शंकराचं मन ओढायला ब्रह्मदेव देवांना सांगतो. मन ओढणारा चुंबक इतका जुना आहे.

लॅटिन ‘मॅग्नस’, म्हणजे मोठा, याच्याशी ‘मॅग्नेट’चा संबंध जोडू नका.

‘मॅग्नेशियम’वरून ‘मॅग्नेट’ आला, हेही चूक. दोन्ही नावांचं मूळ मॅग्नेशियाच, पण मॅग्नेशियमचा तुकडा घरातल्या चुंबकाला चिकटत नाही.