मिनॉक्सिडिलने डोकं खाजतंय? बाटली बदलण्याआधी लेबल वाचा

केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचं औषध मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात. ती अ‍ॅलर्जी नव्हे. लावल्या लावल्या चुरचुरतं आणि थोड्या वेळात शमतं, तो बहुतेक वेळा अल्कोहोलचा चटका असतो.

अ‍ॅलर्जीची खाज थांबत नाही, रोज वाढते. टाळू लाल होतो, बारीक पुटकुळ्या येतात, त्यांतून पाणी येऊन खपली धरते. औषध जिथे ओघळतं तिथेही, म्हणजे कपाळावर, कानामागे, मानेवर पुरळ उठतं. सकाळी पापण्या सुजलेल्या दिसल्या तर उशीला लागलेलं औषध आठवा. अनेक महिने काही त्रास झाला नाही म्हणून औषधाला निर्दोष ठरवू नका, अशी अ‍ॅलर्जी उशिराही जडते.

गेल्या दोन-चार दिवसांत केस काळे केले होते का, हेही बघा. हेअर डाय आणि झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तल्या पीपीडी या रसायनानेही अगदी असंच होतं, आणि दोष मात्र मिनॉक्सिडिलवर जातो.

अशी खाज-पुरळ दिसली तर औषध त्याच दिवशी बंद करा. कोमट पाण्याने आणि सौम्य, बिनवासाच्या शाम्पूने डोकं धुवा. त्यावर खोबरेल, लिंबू, कांद्याचा रस काहीही चोळू नका. चिघळलेल्या त्वचेवर कांदा-लिंबू म्हणजे आगीत तेल. सेटिरिझिन या खाजेवरच्या नेहमीच्या गोळीचा या पुरळावर फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर सहसा काही दिवसांपुरतं स्टिरॉइड लोशन देतात. मेडिकलमधून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब स्वतःच्या मनाने आणू नका, तिने मूळ आजार झाकला जातो.

पुष्कळदा दोष मिनॉक्सिडिलचा नसतोच, ते ज्यात विरघळवतात त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. म्हणून कंपनी बदलूनही त्रास तोच राहतो: नाव नवं, द्रव तोच. मिनॉक्सिडिल फेसाच्या रूपातही, म्हणजे फोम म्हणून मिळतं, त्यात हा घटक सहसा नसतो, तरी लेबल वाचूनच घ्या. टाळू पूर्ण बरा झाल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच नवं औषध आधी कोपराच्या आतल्या बाजूला, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहा. खाज वा पुरळ उठलं की तिथेच थांबा. आधीची अ‍ॅलर्जी जोरदार असेल तर हा प्रयोग घरी नको. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करा, म्हणजे संशयित घटक पट्ट्यांनी पाठीवर चिकटवून पाहतात, आणि मिनॉक्सिडिल व प्रॉपिलीन ग्लायकॉल वेगवेगळे तपासायला सांगा. पाठीवरच्या पट्ट्या साधारण 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. मिनॉक्सिडिललाच अ‍ॅलर्जी निघाली तर फोमही चालणार नाही, आणि त्याच्या गोळ्याही नकोत.

केस गळतीवरच्याच फिनास्टेराइड या दुसऱ्या औषधाच्या गोळीने क्वचित अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ किंवा चेहरा सुजतो. पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास घेताना घरघर झाली, गांधींसोबत उलट्या किंवा चक्कर आली, तर ती जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी, म्हणजेच अ‍ॅनाफिलॅक्सिस समजा. 108 ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. यावरचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत. सेटिरिझिन देऊन वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयातच राहा, त्रास उलटू शकतो.

छातीत धडधड, छातीत दुखणं, घोट्यांवर सूज ही अ‍ॅलर्जी नव्हे. मिनॉक्सिडिल रक्तवाहिन्या रुंदावतं आणि ते रक्तात जास्त गेल्याची ही चिन्हं आहेत. ओरखडलेल्या टाळूवर लावलं किंवा दर वेळच्या 1 मिलीपेक्षा जास्त ओतलं की हे घडू शकतं. औषध थांबवून डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल तर लगेच.

बाटली फेकू नका. डॉक्टरांना लेबल आणि बॅच नंबर दाखवा, आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, 1800-180-3024 वर, नोंदही करा.