खाडीत होडीतून जिताड्यासाठी लूर-मासेमारी

रायगडचा जिताडा आणि गोव्याचा चोणक हा एकच मासा आहे. इंग्रजीत त्याला एशियन सीबास म्हणतात. अमेरिकेतील तळ्यांमध्ये ज्या लार्जमाउथ बाससाठी लूर-मासेमारीचे (लूर म्हणजे माशासारखे दिसणारे नकली आमिष) बहुतेक साहित्य विकसित झाले, तो वेगळ्या कुळातला मासा असला तरी दोघांची शिकारीची रीत सारखीच आहे. आडोशाला दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढून घ्यायचे, ही ती रीत. त्यामुळे बाससाठीचे साहित्य थोडे दणकट केले की आपल्या खाडीत उत्तम चालते. मात्र तळ्यातले पाणी स्थिर असते आणि खाडीतले पाणी दर सहा तासांनी दिशा बदलते. म्हणूनच कोणता लूर लावला आहे यापेक्षा होडी कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि प्रवाहाच्या कोणत्या अंगाला उभी आहे, यावर जिताडा लागणे किंवा न लागणे अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

वेळ ठरवण्यासाठी कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा अजूनही उपयोगी पडतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि सकाळी साडेदहाच्या आसपास ओहोटी संपते. समुद्रापासून जितके आत जावे तितकी ही वेळ पुढे सरकते, त्यामुळे आपल्या खाडीचा फरक दोन-तीन फेऱ्यांत स्वतः पाहून टिपून ठेवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात वाहते आणि गढूळ होते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचे, पाणी स्वच्छ पण मंद असते. मला पंचमी ते सप्तमीचे दिवस सर्वांत सोयीचे वाटतात, कारण पाणी पुरेसे वाहते, फार गढूळ नसते आणि ओहोटीचे शेवटचे तीन तास नेमके सकाळच्या उजेडात येतात.

हे तीन तास महत्त्वाचे का, हे समजून घेतले तर जागा आपोआप सापडतात. भरतीला कोळंबी, बोयींची पिल्ले आणि इतर बारीक मासळी कांदळवनाच्या मुळांत शिरते आणि जिताडाही तिच्यामागे जातो. तिथे लूर पोहोचवणे कठीण असते. ओहोटी लागली की हे सगळे पाणी लहान फाट्यांमधून मुख्य खाडीत उतरते आणि त्याबरोबर बारीक मासळीलाही बाहेर यावे लागते. अशा फाट्याच्या तोंडाशी जिथे वाहते पाणी आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते, तिथे संथ बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून जिताडा थांबलेला असतो. पुलाचे खांब, बुडालेली झाडे, जुने धक्के आणि जांभ्या दगडाचे बांध यांच्या आडोशालाही तो असाच राहतो. खारबंदिस्तीच्या (खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाच्या) उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारापाशी, किंवा गोव्यातील खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींच्या) मानसीजवळ, म्हणजे तशाच दारापाशी, जिताडा हमखास असतो, परंतु मानसीच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. विचारल्याशिवाय तिथे रॉड काढू नये.

होडी फाट्याच्या तोंडावर नेऊ नये. इंजिन शंभरएक मीटर आधीच बंद करून वल्ह्याने पुढे जावे आणि जागेपासून 15 ते 20 मीटरवर, खाडीच्या मुख्य प्रवाहात नांगर टाकावा. नांगर तळाशी आपटू न देता हाताने अलगद सोडावा, कारण उथळ पाण्यात तो आवाज माशाला स्पष्ट जाणवतो. दोरी खोलीच्या किमान तिप्पट असावी आणि ती नेहमी नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, बांधावी. वाहत्या पाण्यात मागच्या टोकाकडून नांगरलेली होडी मागून पाणी घेते आणि उलटू शकते. लाइफ जॅकेट अंगातच असावे. सावित्री, वाशिष्ठी किंवा गोव्यातील कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, म्हणून होडीबाहेर हातपाय सोडून बसू नये.

साहित्याच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर साडेसहा ते सात फुटांचा मध्यम-जड रॉड, 3000 ते 4000 मापाचे स्पिनिंग रीळ आणि 30 पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेल्या धाग्याची) लाइन पुरेशी होते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर रीळ किती ताणावर लाइन सोडेल ती मर्यादा, अंदाजाने न लावता वजनाच्या स्प्रिंग काट्याला लाइन अडकवून सुमारे साडेतीन किलोवर लावावा. लीडरबाबत, म्हणजे लाइन आणि लूर यांच्यामधल्या जाड दोऱ्याबाबत, मात्र कोणतीही काटकसर करू नये. जिताड्याला टोकदार सुळे नसले तरी त्याचे ओठ आणि तोंडाची आतली बाजू काचकागदासारखी खरखरीत असते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. मी सुरुवातीला 25 पौंडांचा लीडर वापरत असे. एका मोठ्या जिताड्याने होडीजवळ येऊन दोनदा डोके झटकले आणि लाइन सैल पडली. ओढून पाहिले तेव्हा लीडरचे टोक ब्लेडने कापल्यासारखे सरळ होते. तेव्हापासून मी 40 ते 60 पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, साधारण एक मीटर लांबीचा, एफजी नावाच्या बारीक गाठीने ब्रेड लाइनला जोडतो. ती गाठ रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही.

लूर दोन प्रकारचे असले तरी पुरे. पहिला म्हणजे 9 ते 12 सेंटिमीटरचा, ओढणे थांबवल्यावर पाण्यात अधांतरी राहणारा मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा कडक लूर. दुसरा म्हणजे वल्ह्यासारख्या शेपटीचा चार इंची रबरी मासा, जिगहेडवर (वजन जोडलेल्या गळावर) लावलेला. दोन-तीन मीटर खोल पाण्यात 10 ते 14 ग्रॅमचे जिगहेड योग्य ठरते. ते तळाला अधूनमधून टेकले पाहिजे, सतत घासत राहता कामा नये. रंगाची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. स्वच्छ पाण्यात चंदेरी आणि गढूळ पाण्यात पांढरा किंवा गडद, एवढे पाळले तरी चालते.

फेक नेहमी आडोशाच्या पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला करावी, म्हणजे लूर पाण्याबरोबर वाहत जिताड्याच्या तोंडासमोरून जातो. खऱ्या बोयीचे पिल्लू प्रवाहाविरुद्ध वेगाने पोहत जिताड्याकडे जात नाही आणि तसे जाणाऱ्या लूरवर तोही विश्वास ठेवत नाही. मिनो असेल तर रॉडच्या टोकाने दोन लहान झटके द्यावेत आणि दोन ते तीन सेकंद पूर्ण थांबावे. या थांबण्यातच बहुतेक मासे लागतात, आणि नवशिक्याला नेमके हेच जमत नाही, कारण हात रीळ फिरवण्यासाठी शिवशिवत असतो. रबरी मासा उचलावा आणि ताणलेल्या लाइनवर पुन्हा खाली जाऊ द्यावा. खाली जाताना लाइन किंचित बाजूला सरकली किंवा मध्येच सैल पडली, तर मासा लागला असे समजून ताबडतोब रॉड जोरात मागे ओढावा.

गळ लागताच जिताडा प्रथम आडोशाकडे धावतो आणि पहिले दहा सेकंद त्याला वळवण्यातच घालवावे लागतात. मग तो पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो. त्या क्षणी रॉडचे टोक पाण्याकडे झुकवावे, परंतु लाइन सैल सोडू नये. होडीजवळ आल्यावर रबरी जाळ्याची झोळी त्याच्या डोक्याकडून खाली घालावी आणि कल्ल्यात बोटे कधीही घालू नयेत. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे आधीच पक्कडने दाबून ठेवले असतील तर लूर क्षणात निघतो.

जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे मीटरभर लांबीचा जिताडा बहुतेक वेळा लाखो अंडी देणारी मादी असते. खाण्यासाठी मध्यम आकाराचा एक ठेवावा, मोठी मात्र सोडून द्यावी. दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन तिला प्रवाहाकडे तोंड करून धरावे आणि शेपटीचा जोर जाणवू लागला की हात सैल करावेत. त्यानंतर लीडरची शेवटची वीतभर लांबी बोटांत धरून हळूहळू ओढून पाहावी. कोठेही खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून लूर नव्याने बांधावा आणि मगच पुढची फेक करावी.