आपल्या दाण्यांचं तेल घाण्यावरून कसं काढून आणावं

खान्देशात कळण्याच्या भाकरीवर शेंगदाण्याचं तेल कच्चंच ओततात, सोबत लसूण-मिरचीचा ठेचा. फोडणीत तेलाची खोट लपते, भाकरीवर लपत नाही. घरचा भुईमूग किंवा तीळ असेल आणि वर्षाचं तेल काढून आणायचं असेल, तर घाण्यावर जाण्याआधीच निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असायला हवं.

एकदा आमच्याकडून चूक झाली. उन्हाळी भुईमूग निघतो तेव्हा पाऊस डोक्यावर असतो. त्या घाईत शेंगा पुरत्या न वाळवता पोत्यांत भरल्या. दोन महिन्यांनी दाणे काढले तेव्हा बरेचसे पिवळट, काही हिरवट बुरशी धरलेले. थोडे निवडून बाकी तसेच घाण्यात घातले. तेल दिसायला ठीक होतं, पण महिनाभरात खवट झालं. घाण्याचा त्यात काही दोष नव्हता.

वाळवण आणि निवड

शेंग कानाशी धरून हलवा. आत दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा दातांखाली कट्‌कन तुटला आणि चिमटीत चोळल्यावर साल सुटली की समजा वाळला. ओलावा साधारण ५-६ टक्क्यांवर आला पाहिजे. साठवायचं ते शेंगेतच साठवा. घाण्यावर जायच्या तीन-चार दिवस आधी फोडा. फोडलेला दाणा हवेने लवकर बिघडतो.

मग दाणे सुपात पाखडा, चाळा आणि ताटात घेऊन हाताने निवडा. हे कंटाळवाणं काम आहे, पण मी कधीच टाळत नाही. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते तापवून जात नाही. बरंचसं पेंडीत उतरतं, पण न गाळलेल्या तेलातही थोडं येतं. ती पेंड दुभत्या गाईने खाल्ली तर विषाचा अंश दुधात उतरतो. म्हणून काळा, सुरकुतलेला, कोंब फुटलेला, बुरशीचा एकही दाणा ठेवू नका. तिळात माती आणि बारीक खडे जास्त असतात. ते दोनदा चाळून घ्या.

कोणती पद्धत घ्यावी

दाबून तेल काढायच्या पद्धती मुख्यतः तीन. लाकडी घाण्यात उखळासारख्या भांड्यात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, फिरते. दाणा भिंतीशी घासून चिरडला जातो आणि तेल सुटतं. पूर्वी बैल ओढायचे, आता मोटर असते. फिरणं सावकाश, म्हणून तेल फारसं तापत नाही आणि दाण्याचा वास टिकतो.

दुसरा हायड्रॉलिक प्रेस. त्याचं मूळ तंत्र जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये आणलं. त्यात घासणं नाही, फक्त प्रचंड दाब. आपल्या गावांत घरच्या तेलासाठी तो दिसत नाही, तेव्हा त्याचा विचार सोडा.

तिसरा एक्सपेलर. पट्ट्यांच्या नळकांड्यात मळसूत्री दांडा फिरतो, पुढे जागा अरुंद होत जाते, दाब वाढतो, तेल फटींतून गळतं आणि पेंड टोकाला पातळ पापुद्र्यांनी बाहेर पडते. आपल्याकडच्या सरकीच्या तेलगिरण्या याच तंत्रावर चालतात. काम झपाट्याने होतं, पण माल चांगलाच तापतो.

आता हिशोब. १० किलो दाण्यांत ४८ टक्के तेल धरलं तर ४ किलो ८०० ग्रॅम झालं. लाकडी घाण्याच्या पेंडीत १२ टक्के तेल राहिलं तर हाती सुमारे ४ किलो १०० ग्रॅम येतं, म्हणजे साडेचार लिटर. एक्सपेलरच्या पेंडीत ७ टक्के राहिलं तर सुमारे ४ किलो ४०० ग्रॅम. फरक ३०० ग्रॅमचा, आणि घाण्याचं ते तेलही वाया जात नाही, पेंडीतून गुरांच्या पोटात जातं. घरच्या शेंगदाणा-तिळासाठी मी लाकडी घाणाच सांगेन. करडईचं टरफल कठीण आणि तेल जेमतेम ३० टक्के, तिच्यासाठी एक्सपेलर परवडतो. सरकीचं तेल मात्र घरच्या वापरासाठी काढून आणू नका. कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते शुद्ध केल्याशिवाय खाण्याजोगं होत नाही.

घाण्यावर

शक्यतो दुपारी जा. थंडीत तेल घट्ट राहतं आणि कमी सुटतं. आधीच्या माणसाची घाण, म्हणजे एका वेळी घाण्यात घातलेला माल, कशाची होती ते विचारा. त्याने मोहरी किंवा करडई काढली असेल तर तिचं तेल तुमच्यात मिसळेल. शेंगदाण्यामागून शेंगदाणा, असा नंबर लावा आणि घाण पूर्ण होईपर्यंत तिथेच बसा.

लाट फिरू लागली की आधी भुगा होतो, मग तो ओलसर दिसू लागतो, मग लगदा लाटेला चिकटतो आणि कडेला चमक येते. याच वेळी घाणेवाला थोडं पाणी शिंपडतो. पुष्कळांना ती भेसळ वाटते. तशी ती नाही. पाण्याने भुगा एकमेकांना धरतो, पेंड बांधली जाते आणि तेल वेगळं होतं. तिळाला पाणी जास्त लागतं. पाणी अजिबात नसेल तर भुगा सुटा राहतो, जास्त झालं तर चिखल होऊन लाट नुसती घसरते. अंदाज घाणेवाल्याचा, तुम्ही एवढंच पाहा की पाणी स्वच्छ आहे. पेंड भिंतीला घट्ट बसली की ती पहारीने सोडवतात. ते मशीन बंद करूनच. फिरत्या लाटेजवळ मुलांना आणि साडीच्या पदराला जाऊ देऊ नका.

निवळणं

ताजं तेल गढूळ असतं. ते कोरड्या स्टीलच्या डब्यात झाकून चार-पाच दिवस न हलवता ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. वरचं तेल अलगद दुसऱ्या डब्यात ओता, शेवटचं कापडातून गाळा. मग चमचाभर तेल कढईत तापवून पाहा. तडतडलं तर पाणी राहिलं आहे; तोंडाला पातळ कापड बांधून दोन दिवस उन्हात ठेवा. जास्त ऊन नको, उजेडानेही तेल खवटतं. भरून ठेवायचा डबा गच्च भरलेला असावा, वर हवा राहू नये. रोजच्या वापराला छोटी बरणी वेगळी ठेवा. तळताना घाण्याच्या तेलाला फेस येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तिळाचं किंवा भुईमुगाचं बियाणं घेणार असाल तर जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचे वाण विचारा. तिळाचा ‘तापी’ आणि भुईमुगाचा जेएल-२४ अर्थात ‘फुले प्रगती’ तिथलेच.

पेंड घाण्यावर सोडून येऊ नका. गरम असतानाच पोत्यात भरली तर बुरशी धरते. सावलीत पसरून गार करा, मग भरा. शेंगदाणा-तिळाची पेंड भिजवून गुरांच्या आंबोणात घाला. एरंडीच्या पेंडीत मात्र रायसिन हे विष असतं, ती गोठ्यात जाऊ देऊ नका; ती आणि निंबोळीची पेंड शेतात खत म्हणूनच टाका.